आऊटरला उभ्या गाड्या

संगणक मंद झाला की आपल्याकडे पहिला उपचार ठरलेला असतो. माऊसचं उजवं बटण दाबायचं, खाली उलगडलेल्या यादीतून ‘रिफ्रेश’ निवडायचं; पडद्यावरची सगळी चिन्हं एकदा पापणी लवावी तशी लवतात आणि होती तिथेच पुन्हा उभी राहतात. मग पुन्हा उजवं बटण, पुन्हा रिफ्रेश. एकदाच करून थांबलेला माणूस निदान माझ्या पाहण्यात नाही. बँकेत काउंटरपलीकडचे साहेब आपलं पासबुक हातात घेण्याआधी हे करतात, सायबर कॅफेतली पोरं अर्ध्या तासाचे पैसे मोजून त्यातला थोडा वेळ यातच घालवायची, आणि एमएस-सीआयटीच्या वर्गात सर शिकवायला लागण्यापूर्वी इतक्या गांभीर्यानं रिफ्रेश करत की मागच्या रांगेतल्या काकू ती पायरी वहीत उतरवून घेत. वास्तविक या आज्ञेचा वेगाशी काडीचाही संबंध नाही. डेस्कटॉपवर काय काय आहे ते पुन्हा एकदा वाचायचं आणि पुन्हा एकदा काढून दाखवायचं, एवढंच तिचं काम. कुठला भार उतरत नाही, कुठली जागा मोकळी होत नाही. तरीही बोट तिकडे जातंच. मला यात अज्ञानापेक्षा सौजन्य जास्त दिसतं. कुणाला कामाला लावण्याआधी, बरं आहे ना, असं विचारण्याची आपली रीत आहे, आणि विचारपूस करायला पैसे पडत नाहीत.

पैसे न घालता संगणक पळवायचा, हा आमच्या घरचा प्रकल्प आणि त्याचे प्रणेते अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णा मध्य रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले. डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये खिडकीखाली २०१२ च्या दिवाळीत आलेला एक असेंबल केलेला संगणक आहे. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, आणि या सगळ्याला पोटात घेऊन बसलेला एक काळा पत्र्याचा डबा, ज्याला घरातले सगळे सीपीयू म्हणतात. दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं तेव्हा त्यानं डब्याचं झाकणही न उघडता निदान केलं, “काका, एसएसडी टाका, रॅम वाढवा. पळेल.” सल्ला शंभर टक्के बरोबर होता. या लेखातलं सर्वांत खरं तांत्रिक वाक्य तेच आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. पण अण्णांनी चष्मा नाकावर खाली घेत विचारलं, “म्हणजे बंद पडलाय का?”

“बंद नाही काका, स्लो आहे.”

“मग स्लो का झाला ते सांग. खर्च नको सांगू.”

मुलगा हसून चहा पिऊन गेला आणि आम्ही दोघं त्या डब्यासमोर उरलो.

तो सुरू व्हायला जो काळ लागे त्यात आमच्या घरी बरंच काही होऊन जाई. बटण दाबलं की अण्णा रक्तदाबाची गोळी घ्यायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडायचे, खिडकीतल्या तुळशीला पाणी घालायचे, आणि परत येऊन बघावं तर पडद्यावर निळं कडं गोल फिरतच असे. या कड्याबद्दल माझं एक गाऱ्हाणं आहे. विंडोज एक्सपीपर्यंत वाट पाहायला लावताना वाळूचं घड्याळ दिसायचं. व्हिस्टापासून त्याच्या जागी हे कडं आलं. वाळूचं घड्याळ खोटं का होईना, वाळू कधीतरी संपणार आहे एवढं कबूल करत होतं. कड्याला ना आरंभ ना शेवट. चक्रनेमिक्रमानं चाललेलं ते एक मौनव्रत आहे. पूर्वी लग्नघरात घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडत. तळाला बारीक भोक असलेली ती वाटी थेंबाथेंबानं भरत जाई आणि २४ मिनिटांनी बुडे. एक घटका सरली हे भटजींना, वरमाईला आणि जेवणाच्या पंगतीकडे डोळे लावून बसलेल्या बालगोपाळांना एकदमच कळे. वाट पाहणाऱ्याला घाई नसते, हिशेब हवा असतो. ब्रॅड मायर्स नावाच्या संशोधकानं १९८५ मध्ये पडद्यावरच्या टक्केवारी दाखवणाऱ्या पट्टीवर एक निबंध लिहिला. लोकांना ती पट्टी असलेलीच आवडते, असं त्याला प्रयोगांत दिसून आलं. पट्टीमुळे काम लवकर होत नाही. होतंय, एवढं दिसतं. ती नव्व्याण्णवावर येऊन का रेंगाळते, हा वेगळ्या निबंधाचा विषय.

संगणक जुना होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला खूप दिवस कळत नव्हतं. पंखा सोडला आणि फिरती डिस्क सोडली तर त्यात झिजण्यासारखं फारसं काही नाही. प्रोसेसर २०१२ मध्ये सेकंदाला जितक्या बेरजा करायचा तितक्याच आजही करू शकतो. त्याचे गुडघे दुखत नाहीत. पास्कल ही संगणकीय भाषा घडवणारे स्विस प्राध्यापक निकलाऊस विर्थ यांनी १९९५ मध्ये याचं उत्तर एका लेखात लिहून ठेवलं होतं: यंत्रं ज्या वेगानं जलद होतात त्याहून अधिक वेगानं आज्ञावल्या मंद होत जातात. विर्थ यांनी या विचाराचं श्रेय मार्टिन रायझर या सहकाऱ्याला दिलं, पण जगानं त्याला विर्थचा नियम असंच नाव दिलं. म्हणजे आमचा डबा थकलेला नव्हता. त्याच्या डोक्यावर येऊन बसणारी मंडळी वाढली होती.

ती मंडळी पाहण्याची सोय आहे, आणि तीही फुकट. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो आणि त्यात, विंडोज ८ पासून, स्टार्टअप नावाचा एक भाग असतो. संगणक सुरू होताच आपणहून जागं होणाऱ्या सर्वांची हजेरी तिथे मांडलेली असते. कोण किती भार टाकतो तेही पुढे लिहिलेलं असतं. अण्णांनी खुर्ची ओढली आणि आम्ही ती हजेरी वाचू लागलो. त्यात एका मोबाइलची गाणी संगणकाशी जुळवून ठेवणारी आज्ञावली होती. तो मोबाइल कोणाचा होता यावर घरात एकमत होईना. मुलीनं पाचवीत असताना घेतलेला टंकलेखन शिकवणारा गुरुजी होता. मुलगी आता नोकरीला आहे. दोन अँटिव्हायरस होते, एक विंडोजचा स्वतःचा आणि एक कुठल्याशा सीडीबरोबर आलेला, मुदत संपलेला. प्रत्येक फाइल दोघंही तपासून पाहत होते. आणि सर्वांत वर, भाराच्या रकान्यात ‘हाय’ असा शेरा मिरवत, आमच्या प्रिंटरचा सेवक होता.

प्रिंटर भंगारवाल्याला देऊन कैक वर्षं झाली आहेत. त्यानं तो वजनावर घेतला होता आणि अण्णांनी काट्याकडे बारकाईनं पाहिलं होतं, हे मला चांगलं आठवतं. पण प्रिंटर गेला तरी त्याची आज्ञावली आत राहून गेली होती. संगणक सुरू झाला की ही बया सगळ्यांच्या आधी उठायची, धनी कुठे दिसतो का ते दारोदार पाहायची, शाई किती उरली आहे ते विचारायची, उत्तर नाही म्हणून थोड्या वेळानं पुन्हा विचारायची, आणि कुणाला नको असताना मूळ कंपनीकडे जाऊन आपली नवी आवृत्ती आली का याची चौकशीही करून यायची. गावाकडच्या बंद वाड्यात मालक मुंबईला गेल्यावरही रोज संध्याकाळी ओसरीवर दिवा लावणारी माणसं असत, ती मला उगाचच आठवली.

“हिला काढायचं का?” मी विचारलं.

“काढायचं म्हणजे?”

“डिसेबल. राहील ती आतच, फक्त सकाळी उठणार नाही. कुणी हाक मारली तर येईल.”

“म्हणजे रिटायर,” अण्णा म्हणाले आणि थोडं थांबून त्यांनी मान हलवली. “कर.”

उरलेल्या यादीबद्दल मात्र त्यांना हळवेपणा नव्हता. त्यांच्यातला स्टेशन मास्तर जागा झाला होता. “म्हणजे सकाळच्या वेळी या सगळ्या गाड्या आपण एकदम फलाटावर घेतोय. फलाट किती आहेत?” दोन, मी म्हणालो, कारण प्रोसेसर ड्युअल कोअर आहे. “मग होणार काय! लोकल आधी काढ. बाकीच्यांना आऊटरला उभं कर.” विंडोजच्या सेवांच्या यादीत खरोखरच ‘डिलेड स्टार्ट’ नावाची एक सोय आहे, इतर सगळं मार्गी लागल्यावर, थोडं थांबून सुरू व्हायचं, असा तिचा अर्थ. ती दाखवली तेव्हा अण्णा प्रसन्न झाले. हे लिहिणारा मनुष्य आधी रेल्वेत असला पाहिजे, असं त्यांचं मत पडलं आणि मी ते खोडून काढलं नाही. मुदत संपलेला अँटिव्हायरस मात्र आम्ही मुळासकट काढला. फलाटावर दोन तिकीट तपासनीस एकाच प्रवाशाला अडवून उभे राहिले तर गर्दी हलणार कशी, हाही अण्णांचाच युक्तिवाद.

फुकटच्या उपायांत याहून मोठा गुण मला दुसऱ्या कशात दिसला नाही. का, ते समजायला त्या डब्याच्या पोटातली अंतरं पाहावी लागतात. संगणक विचार करतो तो रॅममध्ये, साठवण करतो ती डिस्कवर. आमच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते, आणि ऐकायला ते भन्नाट वाटतं. पण हवं ते अक्षर सुईखाली येईपर्यंत साधारण सेकंदाचा शंभरावा भाग जातो, आणि रॅममधून तेच अक्षर उचलायला सेकंदाचा एक कोट्यांश पुरतो. रॅमची खेप एका सेकंदाची धरली तर डिस्कची खेप सव्वा दिवसाच्या जवळपास जाते. रॅम भरली की संगणक तिच्यातलं काही उचलून डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. रॅम आहे त्याहून मोठी भासवण्याची ही युक्ती मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलस या संगणकानं १९६२ मध्ये करून दाखवली, आणि तिचा अतिरेक झाला तर काय होतं ते पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलं: ठेव-आणण्यातच सगळा वेळ जातो, काम तिथंच राहतं. डब्यावरचा तांबडा दिवा अखंड मिचमिचतो, आतून खर्र खर्र आवाज येतो, आणि माऊस हलवला की त्याचा बाण थोड्या वेळानं, आठवण झाल्यासारखा हलतो. आम्ही त्याला हँग झाला म्हणतो. बिचारा त्या क्षणी आयुष्यातले सर्वांत जास्त कष्ट करत असतो.

या भरलेल्या रॅममध्ये आमच्या हिच्या टॅबांचाही वाटा आहे. ब्राऊझरच्या माथ्यावर तिच्या टॅब इतक्या दाटीनं बसलेल्या असतात की त्यांची नावं दिसत नाहीत, नुसते ठिपके दिसतात. त्यांत एक अनारशांची आहे. अनारसे तळताना तुपात हसले, म्हणजे विरघळून गेले, तर काय करायचं ते तिथे लिहिलेलं आहे, आणि ते पान दिवाळीपासून उघडं आहे. बंद करू का विचारलं तर उत्तर येतं, “असू दे, पुढच्या वेळी लागेल.” प्रत्येक उघडी टॅब रॅमचा एक तुकडा धरून बसते. टॅबची खूण करून ती बंद करता येते, हवी तेव्हा पुन्हा उघडता येते, हे मी समजावून सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि तेही कसं करायचं याची एक टॅब उघडली. उघडी टॅब ही वाचण्यासाठी नसतेच. आपण अजून अनारसे करणार आहोत, कोकणात एक घर पाहायला जाणार आहोत, कंबरदुखीचे व्यायाम सोमवारपासून सुरू करणार आहोत, याचं ते चालू ठेवलेलं आश्वासन असतं. शेवटी कोकणातलं घर आणि अनारसे राहिले, व्यायाम बंद झाले.

मग डबा उघडला. नव्वदच्या दशकात संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढून जावं लागे. आत वातानुकूलन, यंत्रावर शिवून घेतलेला अभ्रा आणि सर्वत्र देवळातली शांतता. घरोघरी संगणक आल्यावर ते सोवळं गळून पडलं आणि धूळ आपल्या हक्कानं आत शिरली. आमच्या प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्या यांच्यामध्ये तिचा एक करडा नमदा तयार झाला होता, हातानं अख्खा उचलता येईल असा. वारा जात नाही म्हणून प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. वीज बंद करून, वायर काढून, मुलीचा जुना चित्रकलेचा ब्रश घेऊन आम्ही तो नमदा सोडवला. पंख्याचं पातं एका बोटानं धरून ठेवावं, गरागरा फिरू देऊ नये. तोंडानं फुंकर मारू नये, थुंकीचा ओलावा जातो. डब्याच्या तळाशी झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि कुंकवानं लाल झालेले तांदळाचे दाणे निघाले. दर खंडेनवमीला अण्णा या यंत्राची पूजा करतात, आणि अक्षता टाकताना समोरच्या जाळीतून त्या आत जातात हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी ते दाणे वेगळे काढून तुळशीत टाकले. रॅमची पट्टी खाचेतून काढून तिच्या सोनेरी दातांवरून शाळेचं पांढरं खोडरबर हलकेच फिरवणं, ही आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याची विद्या आहे. बसलेला मळ निघतो आणि जोड पक्का बसतो. वेग त्यानं वाढतो असं नाही. पण हात लागलाच आहे तर तेही करून घ्यावं.

खरी पंचाईत डिस्क साफ करताना झाली. टेंप नावाच्या कप्प्यातला कचरा, रिसायकल बिन, विंडोजच्या जुन्या सुधारणांचे अवशेष हे सगळं अण्णांनी आनंदानं जाऊ दिलं. डिस्क क्लीनअप म्हटलं की ते आपण होऊन गोळा होतं. पण त्यापुढे माणसांची वस्ती सुरू होत होती. विजेची बिलं, सातबाऱ्याचे उतारे, पुतणीचा लग्नासाठी केलेला बायोडाटा आणि तिच्या मुलाच्या बारशाचे फोटो एकाच फोल्डरमध्ये, एकच आरती चार नावांनी. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध अण्णांचा कुलवृत्तांत. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या घराण्याचा वृत्तांत लिहायला घेतला. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, जिथे जिथे आमची माणसं पोटामागे गेली तिथून पत्रं आणि जन्मतारखा मागवल्या. त्या फाइलीचं नाव ‘कुलवृत्तांत’. पुढची ‘कुलवृत्तांत नवीन’, मग ‘कुलवृत्तांत अंतिम’, ‘अंतिम दुरुस्त’, ‘अंतिम दुरुस्त बडोदा’. कोणीतरी गेलं किंवा जन्मलं की अंतिम पुन्हा दुरुस्त होई. मी उंदीर त्या यादीवर नेला तसे अण्णा गप्प झाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

आणि इथे मला त्या यंत्राबद्दल फार आपुलकी वाटली. कारण यातलं काहीही पुसायची गरज नव्हती. डिस्क काठोकाठ भरली तर गोष्ट वेगळी. तात्पुरतं काही ठेवायला आणि नव्या सुधारणा उतरवायला थोडी मोकळी जागा लागतेच. पण आमची डिस्क अर्धी रिकामी होती. जे नुसतं साठवलेलं असतं त्याचा संगणकाला भार होत नाही. बारशाचे फोटो, गेलेल्या आत्याचा आवाज असलेली फीत, आठ पिढ्यांची नावं तबकडीवर आपापल्या जागी निवांत पडून असतात. हाक मारेपर्यंत ती प्रोसेसरकडे काही मागत नाहीत. पाय ओढते ती जागी असलेली मंडळी, ज्यांना रोज सकाळी उठून शाई किती उरली ते विचारायचं असतं. हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी खिडकीतून मान वळवली. “म्हणजे सायडिंगला लावलेले डबे,” ते म्हणाले. “त्यांचं कसलं ओझं!”

डीफ्रॅगमेंटेशन मात्र त्यांना हवंच होतं. विंडोज ९८ च्या काळात ते सुरू केलं की पडदाभर रंगीत चौकोन दिसत आणि तुकडे झालेल्या फाइली एकेक उचलून सलग मांडल्या जात. आम्ही सगळे जेवणानंतर ते बघत बसायचो, आणि आई म्हणायची की असं कुणी माळा आवरून देईल तर काय हवं. फिरत्या तबकडीसाठी ते आजही उपयोगी आहे. एसएसडीला नको, तिथे सुई फिरवायचीच नसते. पण व्हिस्टापासून हे काम विंडोज आठवड्याला आपलं आपण, न सांगता करून घेतं, आणि ते चौकोनही गेले. अण्णांना काम झाल्याचं समाधान मिळालं नाही. ॲनिमेशन आणि सावल्या बंद करण्याचा उपाय तुलनेनं दिसणारा होता. ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर खूण केली की खिडक्या तरंगत येणं सोडतात, बाणाखालची सावली जाते आणि सगळ्याला सरकारी कचेरीची कळा येते. एक खूण मात्र परत लावावी, अक्षरांच्या कडा गुळगुळीत ठेवणारी. नाहीतर देवनागरीच्या वेलांट्या करवतीनं कापल्यासारख्या दिसतात. पार्श्वभूमीला अण्णांनी एक्सपीचा तो हिरवा डोंगर अजून लावून ठेवला आहे. तो संगणकानं काढलेला असावा असं पुष्कळांना वाटतं, पण चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कडेला थांबून घेतलेला तो खराखुरा फोटो आहे. डोंगराचा म्हणण्यासारखा भार पडत नाही, म्हणून डोंगर राहिला.

मधेच भाचा आला. त्याचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ या यंत्रावर बसणार नाही, तेव्हा सरळ लिनक्स टाका. हलकं आहे, फुकट आहे. त्याचं बरोबर होतं. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं सुरू केलेलं ते काम जगभरच्या लोकांनी हातभार लावून वाढवलं, आणि त्याच्या काही आवृत्त्या आमच्यासारख्या म्हाताऱ्या डब्यांवर सुखानं चालतात. फुकट हा शब्द ऐकून अण्णा खूश होतील अशी आमची अपेक्षा. पण त्यांनी संशयानं विचारलं, “फुकट देतात, मग त्यांचं घर कसं चालतं?” भाच्यानं उत्तर द्यायचा प्रयत्न केला, तोवर अण्णांनी दुसरा प्रश्न टाकला, “माझा मराठी फॉन्ट त्यात दिसेल का?” तिथे गाडी थांबली. बँकेचे व्यवहार अण्णा या यंत्रावर करत नाहीत, पासबुक घेऊन चालत जातात, त्यामुळे पाठिंबा संपल्याची काळजी सध्या त्यांच्यापेक्षा मलाच आहे. तरीही कुलवृत्तांताच्या सगळ्या अंतिम आवृत्त्या भाच्यानं पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या, ते बरं झालं.

संगणक आता लवकर उघडतो. विजेसारखा नाही, त्या दुरुस्तीवाल्या मुलाचा एसएसडी तो एसएसडीच. पण गोळी, खाडा आणि तुळस यांतलं एखादं काम उरकेपर्यंत हिरवा डोंगर हजर असतो. या वेगाचं काय करायचं, हा प्रश्न अण्णांना पडलाच नाही. फॉन्टच्या आठवणीनं त्यांनी आठ पिढ्या युनिकोडमध्ये आणायला काढल्या. जुन्या फॉन्टांत अक्षर दिसतं त्या क्रमानं साठवलं जाई, वेलांटी आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये ते उच्चाराच्या क्रमानं लागतं. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीनं बटण दाबताच सगळं घराणं इकडून तिकडे आणलं, फक्त रफार होते तिथेच ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला हाक मारली. “हा धमार्जी कोण?” मी पडद्यावर वाकून पाहिलं. सन १७०० च्या घरातले आमचे मूळ पुरुष धर्माजी तिथे धमार्जी होऊन बसले होते, आणि त्यांच्या पोटी जनादर्न जन्मला होता. अण्णा आता रोज एकेक शाखा घेऊन रफार जागेवर बसवतात, आणि शंका आली की फोन लावतात. परवा बडोद्याला धाकट्या चुलतभावाकडे लावला होता; चौथ्या पिढीतल्या कुणाची तरी मृत्यूतिथी हवी होती.

“शोधून सांगतो अण्णा, सगळं स्कॅन करून ठेवलंय,” पलीकडून आवाज आला. “पण वेळ लागेल हं. आमचा कॉम्प्युटर हल्ली उघडायलाच फार वेळ घेतो.”

अण्णा खुर्चीत सरळ झाले. त्यांनी चष्मा वर केला.

“वसंता, प्रिंटर आहे का तुझ्याकडे?”

“होता. टाकला मागेच.”

“मग तोच,” अण्णा म्हणाले. “कागद-पेन्सिल घे.”